बारकूचा गळा आणि अक्काचे थेंब

बारकूला बारकू म्हणायचे ते तो अंगाने बारीक होता म्हणून. पुढे तो रफूच्या कामाला लागला आणि नाव आणखीच घट्ट चिकटलं. कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर त्याची बसायची जागा होती. लाकडी शिडीने वर चढायचं आणि चढल्याबरोबर मान खाली घालायची, कारण छत बसलेल्या माणसाच्या मापाचं होतं. एक दिवा, एक भिंग, सुयांचा डबा आणि मांडीवर कुणाचा तरी कोट. कोटाला सिगारेटने पडलेलं भोक असायचं, नाहीतर कसर लागलेली. बारकू त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, एकेक धागा ओढून काढायचा आणि त्या भोकावर उभे-आडवे धागे घालून कापड पुन्हा विणायचा. गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारायचं, "भोक कुठं होतं?" एवढं ऐकलं की बारकूचा दिवस सार्थकी लागायचा.

तो चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि थोरल्या बहिणीजवळ राहत होता. आईबाप गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि ती एकोणीसची. तिने एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, मग तिथली मुख्य झाली. तिचं लग्न राहिलं. का राहिलं हे कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही, पण बारकूला ते माहीत होतं. गल्लीत सगळे तिला अक्का म्हणत. अक्काच्या शब्दाबाहेर बारकू कधी गेला नव्हता. जाण्यासारखं काही घडलंही नव्हतं, म्हणजे घडलं असेल तर त्याने ते घडू दिलं नव्हतं. एकदा एक मुलगी त्याला आवडली होती. अक्का एवढंच म्हणाली, "बघ बाबा, तुझं तू." त्या चार शब्दांनंतर तो पुन्हा त्या मुलीच्या रस्त्याने गेला नाही.

गाठ सापडली ती न्हाव्याला. दाढी करताना त्याने वस्तरा थांबवला, दोन बोटं बारकूच्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाला, "गिळा बघू." बारकूने आवंढा गिळला. "हे बघा, वर-खाली होतंय. लिंबाएवढं नाही, पण बोराएवढं आहे. दाखवून घ्या."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून घेतली, रक्त तपासलं आणि कागद पुढे सरकवला. थायरॉइडच्या उजव्या बाजूला पाण्याची गाठ होती, अडीच सेंटीमीटरची. पातळ भिंतीची पिशवी आणि आत पाणी. रक्तातले आकडे सगळे ठीक होते.

"अशा गाठी पुष्कळांना असतात," त्या म्हणाल्या. "बहुतेकांना कळतही नाही. तुमची दिसायला साधी आहे. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"औषध?" शेजारी बसलेल्या अक्काने विचारलं.

"औषध काही नाही."

हे मात्र अक्काच्या घशाखाली उतरलं नाही. घरी आल्यावर ती पायातल्या चपला न काढताच म्हणाली, "भावाच्या गळ्यात गाठ आहे आणि बाई म्हणतात औषध नाही. मग शिकल्या कशाला?" तीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई ती. आजार म्हणजे काहीतरी पोटात द्यायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. वाट बघणं हा उपाय असू शकतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पंधरा दिवसांत तिला उपाय सापडला. इस्पितळातली तिची एक जुनी मैत्रीण आयोडीनचे थेंब विकायची. काळ्या काचेची छोटी बाटली, वर समुद्राच्या लाटेचं चित्र. मैत्रिणीने समजावलं ते सोपं होतं. थायरॉइडला आयोडीन लागतं. आयोडीन मिळालं नाही की ग्रंथी उपाशी राहते आणि फुगते. गाठ म्हणजे ग्रंथीची भूक. भुकेल्याला वाढायचं, बस. जिने आयुष्यभर लोकांना वाढलं होतं, तिला हे पटायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पेला तयार असायचा. पाण्यात तीन तपकिरी थेंब पडायचे, खाली जाताना धुरासारखे पसरायचे. चव अशी, की जणू किल्ली जिभेवर ठेवली आहे. बारकू पेला तोंडाला लावायचा आणि अक्का समोर बसून तो रिकामा होईपर्यंत बघायची. आठवड्याने तिनाचे पाच झाले. महिन्याने दहा.

आणि दोन महिन्यांनी गाठ खरोखर लहान झाली. बोटाला नीट लागेनाशी झाली. अक्काने तीनतीनदा चाचपून पाहिलं आणि मग, बारकूने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, ती ओट्याकडे तोंड करून पदराने डोळे पुसत उभी राहिली. त्या क्षणी तिने विष दिलं असतं तरी तो प्यायला असता.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. अक्का स्वतः बाटल्या विकू लागली. पैशांपेक्षा तिला लोक आले याचं अप्रूप होतं. दर रविवारी दहाच्या सुमाराला त्यांच्या पुढच्या खोलीत सात-आठ माणसं जमायची. अक्का मध्ये बसून बोलायची. थकवा, केस गळणं, वजन, मासिक पाळी, सगळ्याचं मूळ ती आता सांगू शकत होती. ज्या बाईला आयुष्यभर लोकांनी फक्त "अजून वाढ" एवढंच म्हटलं, तिला आता लोक विचारत होते, "अक्का, तुम्हाला काय वाटतं?" मग बारकूला हाक यायची. खिडकीजवळच्या खुर्चीत उजेडात त्याला बसवायचं, वरचं बटण काढायला लावायचं, हातात पाण्याचा पेला द्यायचा.

"गिळ रे. बघा, आहे का काही? सोनोग्राफीत अडीच सेंटीमीटर होती."

माणसं वाकून बघायची. कुणी बोट लावायचं. बारकू भिंतीकडे बघत पाणी गिळायचा. दुसऱ्यांची भोकं लपवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचा स्वतःचा गळा दर रविवारी उघड्यावर मांडलेला असायचा. पण नाही कसं म्हणायचं? अक्का त्या दिवशी सकाळपासून गुणगुणत असायची.

एका रविवारी त्या घोळक्यात इस्त्रीवाल्या काकू दिसल्या. दुकानात खाली, शिडीच्या पायाशी, त्यांचं टेबल होतं. वीस वर्षं ती दोघं एकमेकांच्या आवाजात काम करत होती. खाली वाफेचा सुस्कारा, वर कात्रीचा टिकटिकाट. काकूंनी गळा पाहिला, बाटली घेतली आणि जाताना म्हणाल्या, "मी असल्या फंदात पडत नाही. पण तुझा गळा डोळ्यांनी बघितला ना."

चौथ्या महिन्यात बारकूच्या बोटांना कंप सुटला.

आधी त्याला वाटलं, चहा जास्त होतोय. चहा सोडला. मग वाटलं, वय. पण वय असं महिन्याभरात अंगावर चाल करून येत नाही. शिडी चढली की छाती धडधडायची आणि बसल्यावरही थांबायची नाही. वाऱ्याच्या दिवशी पाठ घामाने भिजायची. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. आणि सुई, जी आजवर त्याच्या बोटाचाच एक भाग होती, ती भिंगाखाली लटलटताना दिसायची. नेम धरून धागा घालावा तर तो विणीतल्या शेजारच्या घरात जायचा. एका राखाडी लोकरी कोटाच्या कोपरावर त्याने तीन दिवस घालवले आणि शेवटी काम असं दिसलं, की जखम बरी झाली पण वण राहिला. गिऱ्हाइकाने कोट उजेडात धरला आणि काही विचारलं नाही. दुकानाचे मालक तेवढ्याने समजले. "काही दिवस बटणंच लाव," ते म्हणाले. रागावून नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्या दुपारी घरी कुणी नसताना बारकूने बाटली भिंगाखाली धरली. बारीक अक्षरांत एका थेंबातलं आयोडीनचं प्रमाण लिहिलं होतं आणि त्याखाली माणसाची दिवसाची गरज. त्याने हिशेब केला. एकाच थेंबात कितीतरी दिवसांचं होतं आणि तो दहा थेंब घेत होता. त्याने पुन्हा हिशेब केला. चूक आपली असावी असं त्याला फार वाटत होतं.

संध्याकाळी तो म्हणाला, "अक्का, माझे हात थरथरतात."

"मला दिसतंय. मैत्रिणीला विचारलं मी. अंगातली घाण बाहेर पडतेय म्हणाली. गाठ विरघळते ती कुठंतरी जायला नको का? अजून थोडं सोस."

"थेंब जरा कमी केले तर?"

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर सोपं झालं असतं. तिचा चेहरा फक्त उतरला. "तुला मी काही वाईट देईन का रे?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. दुसऱ्या दिवशी त्याने पेला मोरीत ओतायचं ठरवलं होतं, पण अक्का समोर बसली आणि तो प्यायला. त्याच्या पुढच्या दिवशीही प्यायला. त्याला वाटू लागलं, या घराचं छतही आता पोटमाळ्याएवढंच खाली आलं आहे.

खाली इस्त्रीवाल्या काकूंचं उलटंच चाललं होतं. वाफेचा सुस्कारा आता लांब लांब अंतराने यायचा. तापलेल्या इस्त्रीशेजारी त्या शाल गुंडाळून उभ्या असायच्या. आवाज घोगरा झाला होता, पाय सुजले होते. "कुणीतरी आतून चावी काढून घेतल्यासारखं वाटतं," त्या एकदा म्हणाल्या. बारकूने वरून ते ऐकलं. थेंब घेताय ना, असं विचारायला त्याची जीभ उचलली नाही, कारण उत्तर त्याला माहीत होतं आणि गळा त्याचाच होता.

मग एका मंगळवारी गोष्ट खरोखर गळ्याशी आली. जाड पडद्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन तो शिडी चढत होता. वर पोचला आणि गळ्यात उजवीकडे काहीतरी टचकन दुखलं. तासाभरात कॉलर आवळू लागली. त्याने बटण काढलं. तरी आवळतच राहिलं. बोट लावलं तर तिथे अंड्याएवढा टणक गोळा होता. थुंकी गिळताना कानापर्यंत कळ जायची. पाठ टेकून आडवं व्हावं तर श्वास अडकल्यासारखा व्हायचा. त्या बुटक्या जागेत ना उभं राहता येत होतं, ना झोपता. तो गुडघ्यांवर बसून राहिला आणि त्याने शिडीच्या कठड्यावर कात्री आपटली.

काकू वर आल्या. एक नजर टाकली, शाल खांद्यावर ओढली आणि म्हणाल्या, "चल. हळू उतर. मी पुढे आहे."

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई टोचली. सिरिंजमध्ये पातळ तपकिरी-लाल पाणी चढत गेलं. एक भरली, दुसरी अर्धी झाली. बारकूला गळ्याभोवतीचा हात कुणीतरी सोडल्यासारखं वाटलं.

"गाठीत आतल्या आत रक्तस्राव झाला," त्या म्हणाल्या. "होतं कधीकधी असं. पाणी तपासायला पाठवते. आता मला सांगा, तुमची नाडी एवढी का पळतेय? हात पुढे करा." बोटं थरथरत होती. "काही घेता का? गोळ्या, थेंब, पावडर?"

बारकूच्या डोळ्यांपुढे ओट्याकडे तोंड करून उभी असलेली अक्का आली. "नाही," तो म्हणाला.

मग दाराशी स्टुलावर बसलेल्या काकू आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "घेतो. आयोडीनचे थेंब. मीही घेते. याच्या गळ्याकडे बघून घेतले."

डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त घेतलं. दोन दिवसांनी दोघांना समोर बसवलं आणि कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. बारकूची ग्रंथी सैरावैरा धावत होती. काकूंची संपावर गेली होती.

"एकाच बाटलीने?" काकूंनी विचारलं.

"एकाच बाटलीने. ग्रंथीला आयोडीन लागतं हे खरं. पण चिमूटभरसुद्धा नाही, आणि तेवढं तुमच्या घरच्या मिठात आहे. त्यावर बादलीने ओतलं की काही ग्रंथी बेफाम होतात आणि काही कामच सोडतात. ज्यांच्या ग्रंथीत आधीच गाठी आहेत किंवा छुपा आजार आहे, त्यांच्यात जास्त. काकू, तुमच्या रक्तात तसा जुना आजार दिसतोय. तो आधीपासून असणार, थेंबांनी तो वर काढला."

"पण गाठ तर लहान झाली होती," बारकू म्हणाला.

"पाण्याच्या काही गाठी आपोआप लहान होतात. तुमची झाली. थेंबांमुळे नव्हे, थेंब घेत असूनही. ती भूक नव्हती हो, नुसती पाण्याची पिशवी होती. आणि परवाचा रक्तस्रावही थेंबांमुळे झाला असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. मला एवढं माहीत आहे, की थेंब आजच बंद."

नाडीसाठी त्यांनी एक छोटी गोळी दिली. अंगात साठलेलं आयोडीन उतरायला काही महिने लागतील म्हणाल्या. तपासायला पाठवलेल्या पाण्यात वाईट काही नव्हतं.

बाहेर पायरीवर काकू दम खायला बसल्या. "तुझ्यावर माझा राग नाही," त्या म्हणाल्या. "पण रविवारी तिथं माणसं जमतील. तू सांगशील की मी येऊ?"

"मी सांगतो."

शुक्रवारी तो सांगणार होता. अक्का कपड्यांच्या घड्या घालत होती, त्याने "अक्का" अशी हाक मारली, ती "काय रे?" म्हणाली आणि तो म्हणाला, "काही नाही." शनिवारी ती स्वतःच म्हणाली, "सुया खुपसून ठेवल्या त्या बाईने. चांगली विरत आलेली गाठ." त्या दोन्ही सकाळी त्याने पेला घेतला, दाढीसाठी खिडकीतल्या आरशाकडे जातो असा बहाणा करून उठला आणि पाणी तिथल्या कुंडीत ओतलं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा.

रविवारी नऊ माणसं होती. बारकू खुर्चीत बसला. गळ्यावर पट्टी होती. अक्काने तिचाही अर्थ लोकांना समजावला. मग दाराजवळची एक तरुण बाई, पोटावर हात ठेवून, संकोचत म्हणाली, "अक्का, मला पाचवा महिना आहे. माझाही गळा जरा भरल्यासारखा वाटतो. मला चालेल ना?"

"चालेल म्हणजे? दोघांना पुरायला हवं. तू दुप्पट घे."

"नको," बारकू म्हणाला.

आवाज इतका बारीक आला, की त्यालाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला. सगळे वळले. त्याने खुर्चीच्या हाताला धरून पुन्हा म्हटलं, "घेऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही घेऊ नका. बाळाची ग्रंथीही बिघडू शकते. माझी बिघडली." त्याने दोन्ही हात पुढे धरले. थांबवण्याचा प्रयत्न न करता ते थरथरू दिले. "इस्त्रीवाल्या काकूंचीही बिघडली. गाठ आपोआप लहान झाली होती. मंगळवारी पुन्हा भरली."

तरुण बाईने हातातली बाटली हळूच टेबलावर ठेवली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मग आम्हाला आधी का नाही सांगितलं?" "धीर झाला नाही," बारकू म्हणाला. दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. अक्का मध्ये होती तिथेच बसून होती, हात मांडीवर, जेवणावळ उठून गेल्यावर बसते तशी.

अकरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वेळेवर वाढायची, कपडे धुवायची, दिवा मालवायची. दोन खोल्यांचं घर. अबोल्याला लपायला जागा नव्हती. बाराव्या दिवशी, पाठमोरीच, म्हणाली, "चारचौघांत बोललास."

"एकट्यात जमलं नाही, अक्का."

ओट्यावरचं भांडं पालथं घालत ती म्हणाली, "माझ्याकडे जन्मात पहिल्यांदा लोक आले होते रे."

बारकू तिच्या पाठीकडे बघत राहिला. सॉरी म्हणावं तर कशाबद्दल, हे त्याला ठरवता येईना. त्याने कधी नव्हे ते वेगळी खोली बघायचं मनात आणलं. दुकानामागच्या रस्त्यावर एक होती, उंच छताची. तो बघूनही आला. किल्ली देणाऱ्याने विचारलं, "एकटेच का?" आणि तो "कळवतो" म्हणून परतला. कळवलं नाही.

रविवारची बैठक पुन्हा भरली नाही. उरलेल्या बाटल्या काही दिवस कपाटात होत्या, मग एके दिवशी नव्हत्या. फेकल्या की मैत्रिणीला परत दिल्या, ते अक्काने सांगितलं नाही. आपण चुकलो असंही ती म्हणाली नाही.

काकू रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेऊ लागल्या. दोन महिन्यांनी शाल टेबलाच्या कडेला लटकलेली दिसू लागली आणि खालून सुस्कारे पुन्हा भराभर यायला लागले. बारकूला जास्त वेळ लागला. तो बटणं लावत राहिला, मग खिसे, मग अस्तरं. पाचव्या महिन्यात मालकांनी एक निळा कोट शिडीवर ठेवला. छातीवर वाटाण्याएवढं भोक. त्याला दोन दिवस लागले, पूर्वी अर्धा दिवस लागला असता. पण धागे आपापल्या घरात गेले.

गाठ मात्र निम्मी भरून आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा काढता येईल, पुन्हा भरेल. फारच त्रास झाला तर छोटी शस्त्रक्रिया. तोवर गाठ त्याच्यासोबत राहील.

त्या तपासणीला अक्का न सांगता बरोबर आली होती. आत आली नाही, बाकावर बसली. सगळं झाल्यावर मात्र दार ढकलून उभी राहिली आणि विचारलं, "तेव्हा मी काय करायला हवं होतं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "काही नाही, अक्का. तेव्हा वाट बघायची होती."

"ते मला कधी जमलं नाही," अक्का म्हणाली.

परतताना ती नेहमीसारखी दोन पावलं पुढे चालत होती. रस्ता ओलांडताना तिने मागे न बघताच हात मागे केला, तो नऊ वर्षांचा असताना करायची तसा. बारकूने थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं. गाड्या येत होत्या. त्याने तो धरला.